विमा हवा, पण दवाखाना मोडून नव्हे



केंद्रीय कर्मचारी व निवृत्तांसाठी आरोग्य विमा आणावा, अशी जोरदार शिफारस सातव्या वेतन आयोगाने २०१५ साली केली. २०२५ मध्ये आठवा आयोग नेमला गेला आणि हा प्रश्न पुन्हा आपल्या दाराशी आला आहे. त्यावर संघटनेतही दोन मते आहेत, हे आम्ही लपवू इच्छित नाही.

विम्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा खरा आहे. १९५४ साली दिल्लीत सुरू झालेली सीजीएचएस ही आजही ठराविक शहरांपुरतीच आहे. आडगावी राहणाऱ्या निवृत्त पोस्टमनला तिचा उपयोग काय? त्याच्या हाती पडतो तो वैद्यकीय भत्ता. तोही जुलै २०१७ मध्ये ५०० रुपयांवरून कसाबसा १,००० रुपये झाला. रेल्वेच्या इस्पितळापासून दूर राहणाऱ्या निवृत्त गँगमनची व्यथा याहून वेगळी नाही.

परंतु कार्डे वाढली म्हणजे संरक्षण वाढले, असे होत नाही. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेचेच पाहा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, आधीचे आजारही पहिल्या दिवसापासून समाविष्ट, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना प्रवेश. हे चांगलेच झाले. मात्र ही योजना इस्पितळात दाखल होणाऱ्यासाठी आहे. मधुमेह व रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, दर महिन्याची तपासणी यांचा खर्च तिच्यात बसत नाही. आपल्या निवृत्तांचा खिसा रिकामा होतो तो नेमका इथेच! म्हणून सीजीएचएस सोडून हे कार्ड घेण्याचा पर्याय निवडण्यापूर्वी प्रत्येकाने दहा वेळा विचार करावा.

खाजगी विम्याची तऱ्हा आणखी निराळी. २०२४ मध्ये नियम बदलले; आधीच्या आजारांसाठी थांबण्याची कमाल मुदत चार वर्षांवरून तीनवर आली. पण साठीनंतर आजार जडलेल्या माणसाने तीन वर्षे तरी कशी काढायची? वयाबरोबर चढत जाणारा हप्ता पेन्शनमधून कसा भरायचा?

आमची भूमिका स्पष्ट आहे. जिथे दवाखाना नाही तिथे विमा जरूर द्या. त्याचा हप्ता सरकारने भरावा आणि त्यात बाह्यरुग्ण उपचार व औषधे असावीत. मात्र विम्याचे निमित्त करून रेल्वेची इस्पितळे व सीजीएचएसचे दवाखाने ओस पाडू नका. आज डॉक्टरची जागा रिकामी ठेवायची, उद्या रुग्ण येत नाहीत म्हणून टाळे ठोकायचे, हा डाव आपण ओळखला पाहिजे.

प्रत्येक शाखेने या प्रश्नावर सभा घ्यावी, निवृत्त साथींना बोलवावे आणि ठराव करून पाठवावा. उद्या आपणही निवृत्त होणार आहोत, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.