प्रश्न विचारण्याचे वय

पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली आपल्या शहरात महाविद्यालय सुरू केले. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला ‘मिलिंद’ हे नाव दिले आणि तो परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. मिलिंद हा प्रश्न विचारणारा यवन राजा, तर भदंत नागसेन हे त्याला उत्तरे देणारे भिक्खू. संवादापूर्वी नागसेनांनी राजाला एक अट घातली होती. चर्चा पंडितांच्या रीतीने व्हावी, राजांच्या रीतीने नव्हे. कारण राजा विरोध करणाऱ्याला दंड करतो, पंडित मात्र रागावत नाही.

ही अट आज निवासी शाळांनी स्वतःला घालून घेतली पाहिजे, असे माझे मत आहे.

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरावस्था मानते. पाचवीत वसतिगृहात आलेले मूल दहावी होऊन बाहेर पडते, तेव्हा त्याचे शरीर, आवाज, मन सारेच पालटलेले असते. मासिक पाळी, स्वप्नावस्था, आकर्षण, अनामिक उदासी, जातीवरून ऐकलेला पहिला टोमणा. हे सारे त्याने कोणाला विचारावे? पालक म्हणतात, शाळा सांगेल. शाळा म्हणते, हा घरचा विषय. मग उत्तर मोबाइल देतो किंवा तितकाच अजाण मित्र.

या मौनाला आपल्या परंपरेत आधार नाही. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना शास्त्रीय उत्तरे दिली जात. त्यावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा १९३४ साली त्यांची बाजू न्यायालयात मांडली ती बाबासाहेबांनी. कर्व्यांना दंड झाला. पण प्रामाणिक शंकेला प्रामाणिक उत्तर देणे हा गुन्हा नव्हे, ही भूमिका इतिहासात नोंदली गेली. बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्या संस्थेने तरी या विषयाची लाज बाळगू नये.

प्रश्न दाबले की त्याची किंमत शरीराला मोजावी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुली रक्तक्षयग्रस्त आहेत. वर्गात पेंगणाऱ्या मुलीला आपण आळशी ठरवतो. तिला पाळीत अतिरक्तस्राव होतो का, हे कोणी विचारत नाही. शाळेत मिळणारी लोहाची साप्ताहिक गोळी, ताटात पालेभाजी, कडधान्य आणि लिंबाची फोड, जेवणाला लागून चहा नाही, आठ तासांची झोप, रोज तासभर मैदान. यासाठी मोठा निधी लागत नाही, लक्ष लागते.

याहून कठोर किंमत आपल्या मराठवाड्यात मोजली जाते. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. आईवडील फडावर गेल्यावर वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीने तिचे लग्न उरकले जाते आणि आणखी एक कोयता तयार होतो. त्याच सर्वेक्षणानुसार राज्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते. अशा मुलीसाठी वसतिगृह हे संरक्षक छत्र असते. दिवाळीची सुट्टी संपूनही ती परतली नाही, तर हजेरीपटावर गैरहजेरी लिहून थांबू नये. त्याच आठवड्यात तिच्या घरी जावे आणि गरज भासल्यास १०९८ या क्रमांकावर कळवावे.

म्हणून प्रत्येक निवासी शाळेत आठवड्यातून एक तास प्रश्नांसाठी राखून ठेवावा. नाव न लिहिता चिठ्ठी टाकता येईल अशी पेटी असावी. मुलींसाठी स्त्री डॉक्टर किंवा परिचारिका, मुलांसाठी जाणता पुरुष शिक्षक असावा. विचारल्याबद्दल कोणालाही शिक्षा वा हसे वाट्याला येऊ नये. वैद्यकीय, परिचर्या वा समुपदेशन क्षेत्रात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातला एक रविवार या मुलांना द्यावा. शाळेचे ऋण फेडण्याचा याहून चांगला मार्ग मला दिसत नाही. आणि पालकांना विनंती एवढीच, की भेटीच्या दिवशी गुण विचारण्याआधी मुलाला झोप लागते का, हे विचारावे.

प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव या शहरातील महाविद्यालयाला मिळाले. तोच मान आपल्या मुलांच्या प्रश्नांनाही मिळावा.