क्वायर सोडू की नको?

नाताळपासून डोक्यात हेच घोळतंय. त्या दिवशी उपासनेत वरच्या सुराला माझा आवाज फाटला, आणि तो झाकायला शेजारच्या मुलीनं आपला आवाज चढवला. नंतर कुणी चकार शब्द काढला नाही. तेच जास्त लागलं हो!

घरचे म्हणतात, "देव काय सूर बघतो का?" नसेल बघत. पण बाकांवरच्या माणसांना कान आहेत ना! माझं मत विचाराल तर, मंडळीनं गावं म्हणून क्वायर पुढे उभी असते. तिथली जागा म्हातारपणाची पेन्शन नव्हे.

ना. वा. टिळकांच्या (१८६१-१९१९) गीतांना मला अडचण येत नाही. अभंगाच्या वळणाची, पेटी-तबल्यावर मधल्या पट्टीत सगळ्यांना म्हणता येणारी. चार आवाजांतल्या विलायती चालींना मात्र सोप्रानोला वर चढावंच लागतं. आणि मी पंचवीस वर्षं सोप्रानो!

शेवटी क्वायरमास्तरांना मीच म्हटलं, मला आल्टोत घ्या. ते इतक्या पटकन "हो" म्हणाले की काय सांगू. आता ईस्टरपर्यंत बघायचं. नाही जमलं तर मंडळीत जाऊन बसायचं, रुसवा न धरता. (हे शेवटचं लिहायला सोपं आहे!)

खरी पंचाईत वेगळीच. आल्टोला मूळ चाल नसतेच, तिच्या खालून चालायचं असतं. जन्मभर पाठ असलेलं गीत परकं वाटतं. शनिवारी सरावाला पहिल्याच कडव्यात दोनदा जुन्या चालीवर घसरले. शेजारीण हसली, मीही हसले.