फोटोत नसलेला बर्फ

स्वित्झर्लंडमधल्या फुर्का घाटातलं, अगदी वळणावरचं हॉटेल बेलव्हेदेर तुम्ही रीलमध्ये पाहिलं असेलच. खाली ठरलेली कॅप्शन: ‘इथे काळ थांबलाय.’ मला या वाक्याची चीड येते. काळ थांबला नाही, म्हणून तर हॉटेलला कुलूप लागलं! १८८२ साली ते उघडलं, तेव्हा ऱ्होन हिमनदी अगदी शेजारी होती. तिच्यासाठीच पाहुणे येत. ती वितळत मागे सरकली, मुक्कामाला थांबणारे घटले आणि २०१५च्या सुमारास हॉटेल बंद पडलं. आता तिथली बर्फाची गुहा टिकावी म्हणून उन्हाळ्यात तिच्यावर पांढरी कापडं पांघरतात. आपण मात्र बंद खिडक्या पाहून हळहळतो. इमारतीची डागडुजी कुणीही करेल. हिमनदीची कोण करणार? फोटो जरूर टाका. फक्त कॅप्शनमध्ये काय वितळलं, तेही लिहा.