लीगल टीमला पाठवलेला मेल खरंच गोपनीय असतो का?

समजा, ऑफिसमध्ये तुम्हाला काहीतरी गडबड दिसली. तुम्ही लीगल टीमला मेल लिहिला, सब्जेक्टमध्ये ‘कॉन्फिडेन्शियल’ टाकलं आणि निश्चिंत झालात. वकिलाला सांगितलेलं बाहेर जात नाही, असंच आपण ऐकत आलोय. पण उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर?

तर हा मेल समोर येऊ शकतो. सुप्रीम कोर्टाच्या एका निकालाने हे स्पष्ट झालंय.

प्रकरण काय होतं?

जून २०२५ मध्ये ईडीने अरविंद दातार आणि प्रताप वेणुगोपाल या ज्येष्ठ वकिलांना समन्स पाठवलं. कारण होतं, एका कंपनीच्या शेअर्सबद्दल दिलेला कायदेशीर सल्ला. वकील संघटना भडकल्या आणि समन्स मागे घेतलं गेलं. सुप्रीम कोर्टाने या विषयाची स्वतःहून दखल घेतली. ३१ ऑक्टोबर २०२५ ला तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला.

निकाल काय सांगतो?

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ नुसार, अशिलाने सांगितलेली गोष्ट वकील त्याच्या संमतीशिवाय उघड करू शकत नाही. बेकायदा कामासाठी सल्ला घेतला असेल, तर मात्र हे संरक्षण नाही. असा अपवाद असला, तरी वकिलाला समन्स पाठवण्याआधी किमान एसपी दर्जाच्या अधिकाऱ्याची लेखी मंजुरी लागेल.

मग कंपनीच्या वकिलाचं काय?

इथेच मेख आहे. कंपनीत पगारावर असलेले वकील कोर्टात प्रॅक्टिस करत नाहीत, म्हणून त्यांना कलम १३२ लागू नाही, असं कोर्टाने म्हटलं. कंपनीच्या वतीने त्यांनी बाहेरच्या वकिलाशी केलेल्या संवादाला कलम १३४ चं संरक्षण आहे. कंपनी आणि तिचा पगारी वकील यांच्यातल्या संवादाला ते नाही. मुंबई हायकोर्टाने पूर्वी ‘विजय मेटल वर्क्स’ खटल्यात पगारी लॉ ऑफिसरलाही संरक्षण मान्य केलं होतं. आता त्या आधारावर विसंबता येणार नाही.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

पहिली गोष्ट, लीगल टीमला सीसीत ठेवल्याने मेलला कवच मिळत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कंपनीने बाहेरचा वकील नेमला, तरी त्याची अशील कंपनीच असते. गुपित उघड करायचं की नाही, हे कंपनी ठरवते. अंतर्गत चौकशीत तुम्ही विश्वासाने सांगितलेलं कंपनी तुमच्याविरुद्धही वापरू शकते.

त्यामुळे तक्रार जरूर करा, पण जे पाहिलंत तेवढंच, तारखेसह लिहा. प्रकरण तुमच्यावर शेकण्याची शक्यता असेल, तर आधी स्वतःचा वकील गाठा. आणि त्याला मेल करताना ऑफिसचा लॅपटॉप वापरू नका.