देणगीचा पासपोर्ट तपासून काय कळतं?

जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर 'परदेशी फंडिंग' एवढे दोनच शब्द टाकून बघा. पुढचं वाचायच्या आत निकाल लागतो. त्याच ग्रुपवर गावच्या मंदिराचा क्यूआर कोड आला आणि अमेरिकेतल्या भाच्याने मोठी रक्कम दिली, की त्याच्यावर फुलांच्या इमोजींचा पाऊस पडतो. दोन्हीकडे पैसा डॉलरमध्येच कमावलेला असतो.

माझा मुद्दा सरळ आहे. पैसा कुठून आला हे तपासणं सोपं असतं, म्हणून आपण तिथेच थांबतो. त्या पैशावर चालणाऱ्या वर्गात काय शिकवायचं हे कोण ठरवतं आणि तिथे वेगळं मत चालतं का, हे आपण विचारत नाही.

आपल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, म्हणजे कोकणातल्या बेने इस्राएलांचं उदाहरण घ्या. १८३२ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं. मिशनला धर्मांतर हवं होतं. या लोकांनी हिब्रू शिकून घेतलं आणि बहुतेक सगळे ज्यूच राहिले. पुढे १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने मुंबईत त्यांची स्वतःची शाळा निघाली. तिला लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनची मदत मिळाली आणि नंतर एली कदूरी यांची देणगी. म्हणजे धर्मशिक्षणासाठी थेट परदेशी पैसा! माझगावच्या त्या सर एली कदूरी शाळेत आज शिकणारी बहुतेक मुलं मुस्लिम आहेत.

'बाहेरचा पैसा म्हणजे बाहेरचा अजेंडा' असं म्हणणाऱ्यांचं अर्धं खरं आहे. अजेंडा असतोच, विल्सन यांचाही होता. पण घेणाऱ्याच्या हातात स्वतःची शाळा आणि स्वतःची समिती असेल, तर त्यातलं काय ठेवायचं ते तो ठरवतो.

खरा धोका वेगळा आहे. सगळा पैसा आणि सगळे शिक्के एकाच टेबलावर गेले, की त्याच धर्मातली माणसं परकी ठरतात. इस्राएलमध्ये गेलेल्या बेने इस्राएलांनी हे भोगलंय. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी लग्नाआधी त्यांची वंशावळ तपासायला सांगितली. आंदोलनं झाली, प्रकरण संसदेत गेलं, तेव्हा कुठे १९६४ मध्ये माघार घेतली गेली. आजही तिथे ज्यूंची लग्नं सनातनी रब्बीसंस्थेच्या हातात आहेत. रिफॉर्म आणि कन्झर्व्हेटिव्ह पंथांच्या संस्था बऱ्याच अंशी अमेरिकन ज्यूंच्या देणग्यांवर उभ्या आहेत. कुणी याला ढवळाढवळ म्हणेल. मला तो दुसरा दरवाजा उघडा ठेवण्याचा खर्च वाटतो. आपल्याकडे डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ मध्ये मुंबईत ज्युइश रिलिजियस युनियन काढली, तेव्हा उदारमतवादाची प्रेरणा लंडनचीच होती. आमच्या धंद्यात याला फोर्क म्हणतात. मूळ प्रोजेक्ट त्याने मरत नाही, वापरणाऱ्याला पर्याय मिळतो.

जळगावकरांना तर हे परकं वाटायचं कारणच नाही. २०१२ पासून जैन हिल्सवर गांधीतीर्थ उभं आहे, शाळेच्या सहली तिथे जातात. त्याच गांधींच्या सत्याग्रहींना १९१० मध्ये हर्मन कालेनबाख या ज्यू वास्तुविशारदाने दक्षिण आफ्रिकेतली अकराशे एकर जमीन बिनभाड्याने वापरायला दिली. ते टॉलस्टॉय फार्म. तिथल्या शाळेत हिंदू, मुस्लिम, पारशी, ख्रिस्ती मुलं एकत्र शिकली आणि रमजानमध्ये मुस्लिम मुलांसोबत इतरांनीही उपास केले.

आपला परदेशी देणग्यांचा कायदा मात्र खात्यावर नजर ठेवतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच यावी लागते आणि ती दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. हिशेब हवाच, पण शेजाऱ्याच्या देवाबद्दल वर्गात काय सांगतात, हे कुठल्याच पासबुकात उमटत नाही.

ते आपल्यालाच विचारावं लागेल. पुण्यात, हिंजवडीत किंवा न्यू जर्सीत बसून खान्देशातल्या संस्कारवर्गाला, मदरशाला, गुरुकुलाला पैसे पाठवत असाल, तर पावतीसोबत अभ्यासक्रमही मागा. मुलींना तिथे काय शिकवतात ते विचारा. दुसऱ्या जातीची, दुसऱ्या पंथाची मुलं पटावर आहेत का, तेही विचारा. उत्तर द्यायला कुणी खळखळ केली, तर देणगी भारतीय रुपयात असली तरी देऊ नका.