सत्याचा शिक्का कोणाच्या हाती?

केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा, हे ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारच्याच एका कक्षाकडे असावा काय? मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी दिले. माहिती तंत्रज्ञान नियमांत ६ एप्रिल २०२३ रोजी केलेल्या दुरुस्तीनुसार, या तथ्यतपासणी कक्षाने एखादा मजकूर बनावट, असत्य वा दिशाभूल करणारा ठरवल्यावर तो तसाच राहू देणे समाजमाध्यम कंपन्यांना जोखमीचे होणार होते. इतरांच्या मजकुराबद्दल त्यांना मिळणारे कायदेशीर संरक्षणच त्यामुळे धोक्यात येत होते. जानेवारी २०२४ मध्ये न्या. गौतम पटेल यांनी ही दुरुस्ती रद्दबातल ठरवली, तर न्या. नीला गोखले यांनी ती वैध मानली. अखेर तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी ती घटनाबाह्य असल्याचे मत दिले. नियम गेला, ज्या दुखण्यावरचा उपाय म्हणून तो आणला गेला, ते दुखणे मात्र कायम आहे.

हे दुखणे काल्पनिक नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांचा बळी घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली.

अफवा अर्थात पूर्वीही होत्या आणि राजकारणात असत्यही नवे नाही. ‘सत्योत्तर’ राजकारणाचे वेगळेपण असे, की त्यात खोटे उघडे पडले तरी बोलणाऱ्याचे काही बिघडत नाही. पूर्वी निदान पुरावा दडवावा लागत असे; आता पुरावा देणाऱ्याचीच विश्वासार्हता संपवली जाते. अमेरिकेत २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत मतांची चोरी झाल्याचे आरोप डझनावारी खटल्यांत न्यायालयांपुढे टिकले नाहीत. तरीही ६ जानेवारी २०२१ रोजी ट्रम्प यांचे समर्थक संसद भवनात घुसलेच. मतभेद हा लोकशाहीचा प्राण असला, तरी त्या मतभेदांना दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या तथ्यांची भूमी लागते. ती खचली, की पराभूत पक्ष पराभवही मान्य करीत नाही.

मग ही भूमी राखायची कोणी? सरकारच्या कारभाराची अधिकृत माहिती सरकारकडेच असते, हा केंद्राचा युक्तिवाद सकृद्दर्शनी बिनतोड वाटतो. परंतु ती माहिती गैरसोयीची असते तेव्हा काय होते, याचा दाखला फार जुना नाही. २०१७-१८ च्या श्रमबल सर्वेक्षणाचा अहवाल राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाने मंजूर करूनही प्रसिद्ध होत नव्हता. आयोगाचे प्रभारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी जानेवारी २०१९ मध्ये राजीनामे दिले. बेरोजगारीचा त्यातील ६.१ टक्के हा आकडा वृत्तपत्रात फुटला, तेव्हा तो अहवाल अंतिम नसल्याचे सांगण्यात आले. लोकसभा निवडणूक आटोपल्यानंतर, नव्या सरकारच्या शपथविधीच्या दुसऱ्या दिवशी, ३१ मे २०१९ रोजी तोच आकडा अधिकृत झाला. तथ्यतपासणीचा अधिकार तेव्हा सरकारी कक्षाच्या हाती असता, तर जानेवारीत ‘दिशाभूल करणारा’ ठरू शकणारा आकडा मे महिन्यात सरकारी सत्य झाला असता.

खोटे जितके बोलण्यातून पसरते, तितकेच ते मौनामुळेही फोफावते. २०१७-१८ च्या उपभोग खर्च सर्वेक्षणाचे निष्कर्ष गुणवत्तेचे कारण देऊन प्रसिद्धच केले गेले नाहीत. २०२१ ची जनगणना कोरोनाच्या साथीमुळे लांबली, ती लांबतच गेली. पुढच्या जनगणनेसाठी बहुतांश देशापुरता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरला. या अवधीत स्थलांतरितांची संख्या असो वा धर्मनिहाय लोकसंख्या, कोणीही काहीही ठोकून द्यावे आणि ते खोडून काढायला २०११ चे आकडेच हाताशी असावेत, अशी अवस्था झाली.

तेव्हा उपाय शिक्क्यात नाही, नोंदवहीत आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ ने कोणी न मागताही माहिती प्रसिद्ध करण्याचे बंधन सरकारी कार्यालयांवर २००५ पासूनच घातले आहे. सांख्यिकी आयोगाची स्थापना मात्र संसदेच्या कायद्याने नव्हे, तर सरकारी ठरावाने झाली. आयोगाला वैधानिक बळ मिळाले आणि अहवाल प्रसिद्ध करण्याच्या तारखा सरकारच्या सोयीवर न राहता आधीच जाहीर होऊ लागल्या, तर अफवेला उत्तर देण्यासाठी वेगळा कक्ष उभारण्याची गरज बरीच कमी होईल. राजधानीतील मंत्रालयांत वर्षानुवर्षे टिपणे लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. फायलीवरील नोंदीवर लोक विसंबतात, ते ती मंत्री बदलला तरी बदलत नाही म्हणून.