रोशाचे तेल, मुलुंडचे यंत्र



कापूस आणि ज्वारी सोडून लावायचे तरी काय, हा प्रश्न प्रत्येक मेळाव्यात निघतो. हल्ली त्याला तयार उत्तर मिळते : सुगंधी वनस्पती लावा, त्यांचे तेल जंतुनाशक आहे, अँटिऑक्सिडंट आहे, मुंबईच्या कंपन्या वाट पाहत बसल्या आहेत. हे सांगणारा बहुधा रोपे विकणारा असतो. तेव्हा यात शास्त्र किती आणि बाजार किती, हे पाहून घेतलेले बरे.

शास्त्र खोटे नाही. रोशा गवत खानदेशच्या कोरड्या डोंगरउतारावरचे. त्याच्या चांगल्या तेलात पाऊण हिस्सा जिरॅनिऑल असतो. तो जंतूच्या पेशीच्या पडद्यात शिरतो, पडदा गळका होतो आणि जंतू मरतो. ओव्यातला थायमॉल फिनॉल गटातला. तो जंतू मारतोच, शिवाय तेलतूप खवट होण्याची क्रिया रोखतो. या दुसऱ्या कामात रोशा ओव्याच्या मागे आहे. पण हे बहुतेक निकाल प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीतले. त्यावर विसंबून कोणी निव्वळ तेल जखमेवर लावू नये की पोटात घेऊ नये.

बाजार मात्र जुना. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर, नंदुरबारकडे रोशाच्या भट्ट्या लागत. तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेने इस्तंबूलला जाई आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीला लागे. युरोपात त्याचे नाव पडले ‘टर्किश जिरॅनियम’. गवत खानदेशचे, नाव तुर्कांचे आणि भाव अत्तरवाल्याचा !

आज सुगंधाच्या धंद्याचे एक मोठे ठाणे मुंबईच्या उपनगरात आहे. १९२२ साली स्थापन झालेली एस. एच. केळकर कंपनी मुलुंडची. या धंद्यात जंतुनाशक गुणाला वेगळा भाव नाही. वास आणि जिरॅनिऑलचा टक्का पाहतात. गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचे यंत्र थेंबभर तेलातले घटक वेगळे करून दाखवते. कापसाचा ग्रेडर निदान डोळ्यांसमोर बोंड चाचपतो. हे यंत्र तर तुमच्या नजरेआड चालते.

म्हणून हिशेब आधी करा. क्विंटलभर ओल्या गवतातून तेल निघते जेमतेम अर्धा किलो. भट्टीला सरपण लागते, वाफ थंड करायला पाणी लागते. विहीर आटलेल्या गावात भट्टी बसवून काय करणार ? बियाणे ‘मोतिया’ आहे की ‘सोफिया’, हे पावतीवर लिहून घ्या. सोफियात जिरॅनिऑल कमी. कापणी फुलोऱ्यात करा. तेल काठोकाठ भरून, उजेडापासून दूर ठेवा. हवा लागली की तेही बिघडते.

विकताना एकाच घाणीचे दोन नमुने सीलबंद करा. एक खरेदीदाराला द्या, दुसरा स्वतःजवळ ठेवा आणि तपासणीचा कागद हातात पडल्याशिवाय डबा सोडू नका.